सारा नाकारण्याआधी हिशेब मांडा

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेले भाषण)



सकाळी मागच्या रांगेतल्या तरुण पोरांनी एक ठराव मांडला. ठराव लहानसा आहे. 'यंदा सरकारला एक पैसा भरायचा नाही. सारा नाही, घरपट्टी नाही, पंपाचे बिल नाही, सोसायटीचा हप्ता नाही.' ठराव वाचून झाला आणि मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू? घरात कापूस पडून आहे, ज्वारीला कुणी विचारत नाही आणि दारात नोटीस घेऊन माणूस उभा आहे. अशा वेळी 'देत नाही, जा' हे शब्द कानाला गोडच लागतात.

पण अध्यक्षांनी मला सांगितले, की ठराव मताला टाकण्याआधी तू यावर बोल. म्हणून मी उभा आहे. ठरावाच्या विरोधात बोलायला उभा नाही. कर न भरणे हे शेतकऱ्याचे जुने हत्यार आहे आणि ते चाललेलेही आहे. पण विळा ज्वारीच्या ताटावर चालतो तसाच तो हातावरही चालतो. धरायचा कसा ते आधी ठाऊक पाहिजे. म्हणून आज मी तुम्हाला बारडोलीचा हिशेब सांगणार आहे. बारडोलीचे नाव सगळ्यांना माहीत आहे. वल्लभभाई पटेलांना 'सरदार' हे नाव तिथेच मिळाले, एवढे शाळेत शिकवतात. तिथल्या शेतकऱ्यांनी नेमके काय नाकारले आणि नाकारण्याआधी काय केले, हे मात्र कुणी शिकवत नाही.

आपल्यासारखेच रान

बारडोली हा सुरत जिल्ह्यातला तालुका. काळी जमीन, मुख्य पिके कापूस आणि ज्वारी. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेरकडे जी गाडी येते तिच्याच वाटेवर बारडोलीचे स्टेशन आहे. त्या काळी तो तालुका मुंबई इलाख्यात होता. आपले खानदेश, नगर, सोलापूरही त्याच इलाख्यात होते. १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा त्यांनाही लागू आणि बारडोलीलाही लागू. दर तीस वर्षांनी जमाबंदीची फेरपाहणी व्हायची आणि सारा नव्याने ठरायचा. नव्याने म्हणजे बहुतेक वेळा चढाच.

बारडोलीची फेरपाहणी १९२५-२६ च्या सुमारास झाली. ती जयकर नावाच्या डेप्युटी कलेक्टरकडे होती. त्यांनी शिफारस केली, की तालुक्याचा सारा ५ लाख १४ हजार रुपयांवरून ६ लाख ७२ हजारांवर न्यावा. म्हणजे सुमारे तीस टक्के वाढ. कारणे काय दिली? तापी खोऱ्याची रेल्वे आली, रस्ते झाले, लोकांनी पक्की घरे बांधली, म्हशी वाढल्या, आणि कापसाचा भाव चढला. आता बघा, शेतकऱ्याने पोटाला चिमटा घेऊन, कर्ज काढून घर बांधले, तर ते घरच त्याच्या श्रीमंतीचा पुरावा झाले. आजही कुणाच्या दारात मोटारसायकल दिसली की 'शेतकरी तर मजेत आहे' म्हणणारे शहरात कमी नाहीत. ही जात जुनी आहे.

जयकरांच्या वरचे जमाबंदी कमिशनर अँडरसन. त्यांनी जयकरांची कारणे फारशी मानली नाहीत. त्यांनी खंडाचे आकडे धरले. आपण मक्ता म्हणतो तोच. लोक जमीन मक्त्याने घेताना जर एवढे पैसे देतात, तर जमिनीत तेवढा नफा असलाच पाहिजे, असा त्यांचा तर्क. आकडे कुठले? पहिल्या महायुद्धानंतर कापसाचा भाव आकाशाला भिडला होता, त्या वर्षांचे. भाव पुढे पडला, पण आकडा कागदावर चढलेलाच राहिला. त्यातही मक्त्याने किती जमीन जाते हे मोजताना सात वर्षांच्या नोंदींची बेरीज मारली आणि ती जणू एकाच वर्षाची आहे असे धरले. दहावीच्या पोराने अशी चूक केली तर गुरुजी कान धरतील. इथे तालुक्याचा सारा ठरत होता.

सरकारने अखेर सुमारे बावीस टक्के वाढ कायम केली. कायदा काय सांगत होता? त्याच १८७९ च्या कायद्याच्या कलम १०७ मध्ये लिहिले होते, की फेरआकारणी करताना शेतीतला नफा पाहावा. उत्पन्न नाही, नफा. म्हणजे खर्च वजा जाता जे उरते ते. आणि खर्च कुणी मोजलाच नव्हता.

आधी वही, मग नकार

बारडोलीच्या लोकांनी पहिल्याच दिवशी सारा नाकारला नाही. आधी त्यांनी अर्ज केले, कौन्सिलातल्या प्रतिनिधींना पाठवले. नरहरी परीख गावोगाव गेले. बियाणे किती, नांगरट किती, बैलाची वैरण किती, मजुरी किती, कापूस किती आणि भाव काय, असा एकेका शेतकऱ्याचा जमाखर्च त्यांनी मांडला आणि छापला. त्यावरून दिसले, की बऱ्याच जणांच्या हाती सारा भरण्याआधीच काही उरत नाही. वाढीव सारा भरायचा तर तो कर्जातूनच.

एवढे झाल्यावर लोक वल्लभभाईंकडे गेले. ते तेव्हा अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. १९२८ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते बारडोलीत आले. त्यांनी लोकांना काय सांगितले असेल? 'चला, उठा'? नाही. त्यांनी लोकांना आठवडाभर विचार करायला लावला. जमीन जाईल, गुरे जातील, तुरुंगात जावे लागेल, घरी जाऊन बायकोशी बोला, आणि मग या. मधल्या काळात त्यांनी गव्हर्नरला पत्र लिहिले. पत्राचा उपयोग झाला नाही. मग १२ फेब्रुवारी १९२८ रोजी परिषद भरली आणि ठराव झाला. हिंदूंनी आणि मुसलमानांनी आपापल्या देवाचे नाव घेऊन शपथ वाहिली.

तो ठराव काय होता हे नीट ऐका. 'सारा देणार नाही' एवढाच तो ठराव नव्हता. सरकारने जुना सारा पूर्ण वसुली म्हणून स्वीकारावा, किंवा निष्पक्ष चौकशी नेमावी. तोवर सारा भरणार नाही. म्हणजे रास्त देणे द्यायला ते तयार होते. वाढीव आकडा खरा आहे हे सरकारने सिद्ध करून दाखवावे, एवढेच त्यांचे म्हणणे. अशा मागणीला सरकार काय उत्तर देणार? 'चौकशी करणार नाही' म्हणावे तर आपलाच आकडा खोटा असल्याची कबुली होते.

किंमत काय पडली

पुढचे सहा महिने सोपे गेले नाहीत. चौथाई दंड लागला. जप्त्या निघाल्या. जप्तीवाल्यांच्या मदतीला पठाण आणले. लोकांनी म्हशी घरात कोंडल्या आणि आपणही दारे लावून आत बसले. जप्तीचे पथक शिवेवर दिसले की ढोल वाजायचा आणि गावाची दारे धडाधड बंद व्हायची. अंधारात राहून म्हशींचा रंग उतरला, असे लोक थट्टेने सांगत. पण थट्टेमागे काय होते ते ज्याच्या घरी जनावर आहे त्याला कळेल. उन्हाळ्याच्या दिवसांत माणूस आणि म्हैस एका खोलीत. जमिनी सरकारजमा झाल्याच्या नोटिसा लागल्या, काही जमिनी मातीमोलाने विकल्या गेल्या. पाटील आणि तलाठ्यांनी राजीनामे दिले.

तालुक्याची वाटणी छावण्यांमध्ये केली होती. रोज पत्रिका छापून गावोगाव जायची. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन पटेल अशा बाया गावागावांत बायांच्या सभा घेत. घराचे दार कुणी उघडायचे आणि कुणी नाही, हे शेवटी घरातली बाईच ठरवते. ती बाजूला राहिली असती तर हा लढा आठ दिवसही टिकला नसता. आजच्या सभेत आपल्या मायबहिणी किती आहेत, मागे वळून मोजा. मंडपवाल्याला दोष देऊ नका, निरोप आपणच दिलेला नाही.

मुंबईच्या कौन्सिलातून कन्हैयालाल मुनशींनी राजीनामा दिला. १२ जूनला देशभर बारडोली दिन पाळला गेला. जुलैच्या अखेरीस गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी चौदा दिवसांची मुदत दिली, आधी भरा आणि मग चौकशी. लोक हलले नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तडजोड झाली. वाढीव रक्कम तिसऱ्याच माणसाने खजिन्यात भरली. सरकारचा मान राहिला आणि शेतकऱ्याने वाढ भरली नाही. शेतकऱ्यांनी जुना सारा भरला. कैदी सुटले, जमिनी परत मिळाल्या, तलाठी-पाटील कामावर परतले, चौकशी नेमली गेली.

चौकशी कुणाची? ब्रूमफील्ड हे न्यायाधीश आणि मॅक्सवेल हे महसूल अधिकारी. दोघेही सरकारचेच. ब्रूमफील्ड तर तेच, ज्यांनी १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. ते गावोगाव फिरले, वह्या तपासल्या, माणसे विचारली. १९२९ साली त्यांचा अहवाल आला. खंडाचे आकडे भरवशाचे नाहीत, असे त्यांना दिसले. बावीस टक्क्यांची वाढ त्यांनी सहा टक्क्यांवर आणली.

भावांनो, ब्रूमफील्डसाहेब काही आपले सोयरे नव्हते. आकडा खोटा होता म्हणून तो त्यांच्या हातूनही पडला. नकारामुळे त्यांना गावात यावे लागले. पण आल्यावर त्यांच्यापुढे ठेवायला वही नसती, तर ते जयकरांचाच आकडा घेऊन परत गेले असते. बारडोलीकडून शिकायचे ते हे.

एकट्याचा नकार, आणि दुसऱ्यांदाचा नकार

दोन गोष्टी आणखी सांगतो, कारण बारडोलीचे नुसते पोवाडे गाऊन आपले काम भागणार नाही.

अमेरिकेत थोरो नावाचा एक विचारवंत होता. गुलामगिरी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोवर लढाई करणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून त्याने डोईपट्टी भरली नाही. १८४६ च्या जुलैत त्याला तुरुंगात टाकले. एका रात्रीनंतर कुणी तरी परस्पर त्याची पट्टी भरली आणि त्याला बाहेर काढले. त्याचा विचार मोठा होता आणि तो पुढे जगभर गेला. पण त्या दिवशी सरकारचे काही अडले नाही. एकट्याने नाकारले तर ते त्याच्या मनाचे समाधान. सरकार अडते ते तालुक्याने नाकारल्यावर.

दुसरी गोष्ट खुद्द बारडोलीची. १९३०-३१ च्या कायदेभंगात त्यांनी पुन्हा सारा नाकारला. या वेळी मागणी आकड्याची नव्हती, स्वराज्याची होती. सरकारही या वेळी मागे सरणार नव्हते. हजारो लोक घरेदारे सोडून शेजारच्या बडोदे संस्थानात जाऊन राहिले. जमिनी विकल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक परत मिळायला १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ येईपर्यंत आणि १९३८ चा कायदा होईपर्यंत वाट पाहावी लागली. सात-आठ वर्षे! तो त्याग मोठा होता आणि मी त्याला हात जोडतो. पण एका ओळीचा ठराव करताना लक्षात ठेवा. नेमकी मागणी सहा महिन्यांत सुटली, आणि सरकारच बदला म्हणणाऱ्या मागणीला सात वर्षे लागली. आपल्यापैकी किती घरे सात वर्षे टिकतील?

आणि एक बोच. बारडोलीत जमीनवाले पाटीदार लढले. त्यांच्या शेतावर राबणारे दुबळा समाजाचे हाळी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले होते. सारा कमी झाला म्हणून त्यांची वेठ सुटली नाही. त्यांच्यासाठी पुढे वेगळे काम करावे लागले. आपण उत्पादन खर्च मागतो तेव्हा त्यात निंदणाऱ्या, वेचणाऱ्या बाईची मजुरी कोणत्या दराने धरतो? वहीत तीनशे आणि हातावर दोनशे असेल, तर आपलीही वही जयकरांचीच वही.

मी स्वतः लिहिलेला खोटा आकडा

आता वहीचे एवढे काय लावून धरले आहे, असे तुम्हाला वाटत असेल. त्याचे कारण मी स्वतः आहे.

मी शेतकीची पदवी घेतली आणि काही वर्षे नोकरी केली. कुठे आणि कोणाकडे ते सांगत नाही, कारण दोष माझा आहे. पीक कापणी प्रयोग करणे हे माझे एक काम. गावातले वावर चिठ्ठीने निवडायचे, त्यात ठरल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढे पीक कापायचे, मळायचे, वाळवायचे, तोलायचे. त्यावरून गावाचे उत्पन्न, त्यावरून मंडळाचे. एका वर्षी ज्वारीच्या काढणीला पाऊस लागला. रस्ता चिखलाचा, तारीख संपत आलेली, वरून विचारणा सुरू. मी गेलो नाही. मागच्या वर्षीच्या आकड्यात थोडी वजाबाकी केली आणि फॉर्म भरून दिला. माझ्यासारखे करणारा मी एकटाच नव्हतो.

महिनाभराने त्या गावचे एक म्हातारे बुवा आले. धोतराच्या सोग्यात चार कणसे बांधून आणली होती. काळी पडलेली, बुरशी धरलेली, चोळली तर हातात पीठ. मला म्हणाले, 'साहेब, तुम्ही वावरात आलेच नाही, मग आमची ज्वारी तोलली कोठं?' त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते खरेच विचारत होते. मला उत्तर देता आले नाही. त्या गावाला त्या वर्षी सवलत मिळाली नाही. माझ्या एका आकड्यामुळेच मिळाली नाही असे मी म्हणणार नाही, पण त्या कागदावर सही माझी होती. पुढे मी नोकरी सोडली. या मंडपात मी आहे तो त्या चार कणसांमुळे.

आता बघा, हा आकडा कुठे कुठे जातो. यंदाचे उत्पन्न भागिले प्रमाण उत्पन्न, ही पैसेवारी. पन्नास पैशांच्या खाली आली की सवलतींचे दार उघडते. जमीन महसुलात सूट, पंपाच्या बिलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती आणि पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी माफ. विम्याची भरपाईही बऱ्याच अंशी कापणी प्रयोगावरच ठरते. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाची चित्रे हेही पाहतात. पण उपग्रहाला वरून हिरवे दिसते, बोंडातली अळी दिसत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली तेव्हा पऱ्हाटी लांबून हिरवीगार होती. पहिली वेचणी बरी, आणि पुढच्या वेचण्यांना हाती कवडी. कपाशीच्या प्रयोगात म्हणूनच प्रत्येक वेचणीचे वजन नोंदवायचे असते. एकीवरून अंदाज मारला की गाव कागदावर सुखी होते.

ही भांडणेही नवी नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून शेतकऱ्याला सांगितले, की दुष्काळाच्या नियमांत तुम्हाला सूट आहे, ती मागा, गुरे-भांडी विकून सारा भरू नका. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सगळा तंटा आणेवारीचाच होता. पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीची वसुली थांबवायची, असा सरकारचाच नियम. शेतकरी म्हणाले चार आण्यांच्या आत आहे, सरकार म्हणाले जास्त आहे. गांधीजी आणि वल्लभभाई गावोगाव फिरले, पीक तपासले, आणि मग मार्चमध्ये नडियादला प्रतिज्ञा झाली. आणे गेले, पैसे आले. वाद तोच राहिला.

आज नाकारायचे काय?

आता आपल्या ठरावाकडे येऊ. आज जमिनीचा सारा किती आहे? तुमच्या-माझ्या पावतीवर चहापाण्याच्या खर्चाएवढा आकडा असतो. तो नाकारला तर सरकारला पत्ताही लागणार नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. मग आपण कर देत नाही का? देतो. कीटकनाशकावर २०१७ पासून अठरा टक्के जीएसटी आहे. व्यापाऱ्याला त्याने भरलेला कर पुढे वजा करून मिळतो, आपल्याला मिळत नाही. पण तो कर दुकानातच कापला जातो. औषध न घेता परत येणे एवढाच तो नाकारण्याचा मार्ग, आणि अळी आपल्या सत्याग्रहासाठी थांबत नाही.

घरपट्टी, पाणीपट्टी ग्रामपंचायतीची. ती नाकारली तर आपल्याच गावाचा दिवा विझेल आणि आपल्याच बायांना पाण्याला लांब जावे लागेल. ती ठरावातून काढा, अशी माझी सूचना आहे.

राहिली ती वसुली. सोसायटीच्या थकबाकीला कलम १०१ चा दाखला निघतो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे साऱ्याचा आकडा लहान झाला, पण साऱ्याचा दंडुका तसाच आहे, तो आता कर्जासाठी वापरतात. खरी लढाई इथे आहे. पण इथेही 'एक पैसा देणार नाही' म्हटले तर काय होईल? ज्याच्याकडे आहे तोही देणार नाही, आणि पुढच्या पेरणीला कर्ज न मिळाल्यामुळे मरेल तो ज्याच्याकडे काहीच नाही. म्हणून मी ठरावाला दुरुस्ती सुचवतो.

पहिले. प्रत्येक गावात एक वही. दहा घरे निवडा. मोठा शेतकरी, लहान शेतकरी, मक्त्याने करणारा, आणि एखादी विधवा बाई, जिच्या नावावर वावर आहे. वखरणीपासून विक्रीपर्यंतचा सगळा खर्च, त्याच दिवशी, पावतीसकट. घरच्या माणसांची मजुरी धरायची, आणि मजुराची जेवढी दिली तेवढीच लिहायची.

दुसरे. पीक कापणी प्रयोगाची तारीख आणि वावर लेखी विचारा. त्या दिवशी गावातली पाच माणसे हजर राहा. तोल डोळ्यांदेखत झाला पाहिजे आणि पंचनाम्याची प्रत मागा. कुणी आलेच नाही, तर तेही लिहून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा आणि पंचांसमोर आपण स्वतः तोला. आलेल्या कर्मचाऱ्याशी भांडू नका. तो पंचवीस वर्षांचा पोरगा असेल, मीही तसाच होतो. त्याला चहा द्या आणि खरा आकडा लिहायला बळ द्या.

तिसरे. पैसेवारीची नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी घोषणा होते. गावच्या पैसेवारी समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. ते कोण आहेत हे आजच्या रात्री शोधा. हरकत लेखी द्या, पोच घ्या.

चौथे. या सगळ्या वह्या घेऊन आपण कलेक्टरांकडे जाऊ. मागणी एकच असेल. आमचा तोल मान्य करा, नाही तर आमच्या शिवारात येऊन आमच्यासमोर उघड तपासणी करा. त्याला मुदत देऊ.

पाचवे. मुदत संपली आणि कुणी आले नाही, तर ज्या गावांचा तोल पन्नास पैशांच्या खाली आहे, त्या गावांनी वसुली नाकारावी. गावसभेत, सही करून, बायांच्या सह्यांसकट. तोंडाने नाही. नाव लपवून नाही. नोटीस आली तर घ्यायची, जप्ती आली तर हात उचलायचा नाही, आणि शिक्षा झाली तर भोगायची. १९२२ साली याच बारडोलीत करबंदीची तयारी पुरी झाली होती. चौरीचौऱ्यात पोलीस जाळले गेले आणि गांधीजींनी ती थांबवली. एक दगड आपल्या सगळ्या वह्या जाळू शकतो. आणि जो शेजारी भीतीने भरून येईल, त्याची विहीर बंद करायची नाही. बारडोलीतही बहिष्काराची धार कधी कधी आपल्याच माणसाला लागली. ती चूक आपण मुद्दाम करायला नको.

तरुण पोरांना वाटेल, की काकांनी ठरावातली हवाच काढली. पोरांनो, तुमच्या ठरावाला सरकार हसले असते. वहीला हसणे त्याला जमणार नाही. दोन हंगाम लागतील. बारडोलीलाही अर्ज, वही आणि नकार मिळून दोन वर्षांहून जास्त लागली होती.

आता अध्यक्षांनी ठराव दुरुस्तीसह मताला टाकावा. टाळ्या नकोत. ज्या गावाचा माणूस वही लिहायला तयार असेल, त्याने पुढे येऊन टेबलावर गावाचे नाव आणि आपले नाव लिहावे. कोरी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर मी माझे गाव लिहिले आहे, आणि दहा घरांतले पहिले घर माझे.